कोणता स्केलेटॉर? ही-मॅनच्या चर्चेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

ही-मॅन हा खेळण्यांतला आणि कार्टूनमधला योद्धा, त्याचा शत्रू स्केलेटॉर आणि इटर्निया नावाचा त्यांचा ग्रह यांवर हिरिरीने वाद घालणारी मंडळी नागपुरात थोडकीच आहेत, पण जी आहेत ती फार काटेकोर आहेत. त्यांच्या बैठकीत पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा १९८०च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर पाहिलेल्या मालिकेच्या भरवशावर एखादे ठाम विधान करतो आणि लगेच त्याला विचारले जाते, "कोणत्या आवृत्तीत?" हा प्रश्न त्याची फजिती करण्यासाठी विचारलेला नसतो. या कथाविश्वाची घडणच अशी आहे की त्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय पुढचे एकही वाक्य तपासता येत नाही. नवा माणूस मात्र बिचकतो, हसून विषय बदलतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. अशा बिचकलेल्यांसाठी, आणि ज्यांना अजून यायचेच आहे त्यांच्यासाठी, तयारी कशी करावी हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी : खेळणे आधी, कथा नंतर

बहुतेक कथाविश्वांत आधी कोणीतरी गोष्ट लिहितो आणि ती गाजली की तिची खेळणी निघतात. येथे क्रम उलटा आहे. अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९७६ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या खेळण्यांचा परवाना घेण्याची संधी सोडली, तो परवाना केनर कंपनीने घेतला आणि तिचे नशीब फळफळले. त्यानंतर मॅटेलला मुलग्यांसाठी स्वतःच्या मालकीचे काहीतरी हवे होते. त्या गरजेतून १९८२ साली 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' ही खेळण्यांची मालिका बाजारात आली. साडेपाच इंचांचे पिळदार योद्धे, कमरेला पीळ देऊन सोडले की स्प्रिंगच्या जोराने ठोसा मारणारे, असे हे खेळणे होते. हे योद्धे कोण, कोठले, कोणाशी आणि कशासाठी लढतात, हे बरेचसे नंतर ठरले आणि वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे ठरवले.

ही गोष्ट मनात पक्की बसली की अर्धे वाद आपोआप सुटतात. ही-मॅनचा बॅटल कॅट त्याच्यापेक्षा एवढा थोराड का, याची शोधाशोध कथेत करण्यात अर्थ नाही. मॅटेलच्याच 'बिग जिम' नावाच्या जुन्या मालिकेतील वाघाचा साचा तयार होता, बिग जिमच्या बाहुल्या आकाराने बऱ्याच मोठ्या होत्या, आणि तोच वाघ हिरव्या रंगात काढून पाठीवर खोगीर चढवल्यावर साडेपाच इंची योद्धा त्यावर ऐटीत बसू लागला. फेकर हे पात्र तर साच्यांच्या काटकसरीचा सरळ नमुना आहे. ही-मॅनचेच अंग निळ्या रंगात काढले, त्यावर स्केलेटॉरचे चिलखत नारिंगी करून बसवले आणि मग गोष्टीत सांगितले की ही स्केलेटॉरने बनवलेली ही-मॅनची नक्कल आहे. स्टिंकॉर १९८५ साली आला तो मर-मॅनचे डोके उसने घेऊन. त्याच्या प्लास्टिकमध्ये पॅचुली या सुगंधी वनस्पतीचा उग्र वास मिसळलेला होता आणि तो कित्येक जुन्या प्रतींना आजही येतो.

आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुलाच्या हाती आधी लाकडी बैल येतो आणि त्याचे नाव, रुबाब, पराक्रम हे सगळे त्या त्या घरात नंतर जोडले जाते. इटर्नियाच्या बाबतीत हे काम घरातल्या मुलांआधी पगारी लेखकांनी केले, एवढाच फरक.

क्वचित प्रवाह उलटाही वाहिला आहे आणि चर्चेत हा अपवाद ठाऊक असणे उपयोगी पडते. ऑर्को हा गोंधळ्या जादूगार खेळण्यांच्या मूळ योजनेत नव्हता. तो कार्टून बनवणाऱ्या फिल्मेशन या स्टुडिओने निर्माण केला आणि त्याचे खेळणे नंतर निघाले. त्याचे आधीचे नाव गॉर्पो असे होते. पैसे वाचवण्यासाठी फिल्मेशन एकच चित्र उजवीकडून डावीकडे फिरवून पुन्हा वापरत असे, आणि छातीवर रोमन लिपीतले 'जी' अक्षर असेल तर ते उलटे दिसले असते. 'ओ' हे अक्षर कोणत्याही बाजूने सारखेच दिसते, म्हणून गॉर्पोचा ऑर्को झाला. एखाद्या पात्राचे नाव त्याच्या आईबापांनी का ठेवले यावर तासभर बोलणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी : आवृत्त्यांची वंशावळ वहीत मांडा

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक आवृत्तीला चार-पाच पाने द्या. मोबाइलवर टिपणे ठेवली तरी चालते, परंतु बैठकीत बोलता बोलता पान उलटून दाखवण्याची सोय वहीत अधिक आहे. नोंदी पुढील क्रमाने कराव्यात.

सर्वांत आधी १९८२ च्या खेळण्यांसोबत खोक्यात मिळणाऱ्या छोट्या पुस्तिका येतात. पहिल्या चार पुस्तिका डोनाल्ड ग्लट यांनी लिहिल्या आणि अल्फ्रेडो अल्काला यांनी चितारल्या. त्या आजच्या अर्थाने कॉमिक नव्हेत. पानावर एक चित्र आणि त्याखाली मजकूर, अशी त्यांची मांडणी आहे. या पुस्तिकांत, पुढे ज्याचा ही-मॅन होतो तो राजपुत्र अ‍ॅडम नाहीच. ही-मॅन हा जंगलातील टोळीचा योद्धा आहे, तो आपली माणसे सोडून निघतो आणि एका देवीकडून त्याला शस्त्रे मिळतात. इटर्निया एका महायुद्धानंतर रानटी झालेले जग आहे, तेथे जुनी यंत्रे आणि जादू शेजारी शेजारी नांदतात. ज्यांनी केवळ कार्टून पाहिले आहे त्यांना ही आवृत्ती परकी वाटते. माझ्या मते वातावरणाच्या दृष्टीने ती सर्वांत प्रभावी आहे आणि नव्या माणसाने वाचनाची सुरुवात येथूनच करावी.

त्याच वर्षी डीसी कॉमिक्सने ही-मॅनची सुपरमॅनशी गाठ घालून दिली, स्वतंत्र लघुमालिका काढली आणि राजपुत्र अ‍ॅडम या पात्राला जन्म दिला. पुढच्या पुस्तिकाही डीसीच्या लेखक-चित्रकारांकडे गेल्या. येथील अ‍ॅडम चैनी आणि बेजबाबदार आहे. कार्टूनमधला भिडस्त मुलगा तो हा नव्हे.

तिसरी नोंद फिल्मेशनच्या मालिकेची. सप्टेंबर १९८३ पासून १९८५ पर्यंत तिचे १३० भाग झाले. आपल्याकडे 'ही-मॅन' म्हटले की जे डोळ्यांसमोर येते ते हेच. तिच्यातून १९८५ साली शी-राची मालिका निघाली, तिचे ९३ भाग झाले, आणि ही-मॅनला अडोरा, म्हणजेच शी-रा, ही जुळी बहीण मिळाली. मुलांच्या मालिकेत तलवारीने कोणाला कापलेले दाखवणे शक्य नव्हते, म्हणून ही-मॅन शत्रूंना उचलून चिखलात भिरकावतो आणि तलवारीने फार तर दगड फोडतो किंवा किरण परतवतो. 'ही-मॅन कधीच कोणाचा जीव घेत नाही' हे पुढे पात्राचे तत्त्व म्हणून मिरवले गेले; त्याचे मूळ मात्र बऱ्याच अंशी या बंधनात आहे.

त्यानंतरच्या नोंदी भराभर उरकता येतात. १९८७ चा डॉल्फ लंडग्रेनचा चित्रपट, ज्यात ऑर्कोऐवजी ग्विल्डॉर नावाचे पात्र आले. १९९० ची अंतराळातील 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स', जिचे कैवारी आमच्याकडे शोधावे लागतात. २००२ ते २००४ या काळात कार्टून नेटवर्कसाठी झालेली ३९ भागांची नवी मालिका. २००८ पासून प्रौढ संग्राहकांसाठी निघालेल्या 'क्लासिक्स' या खेळण्यांच्या खोक्यांवरील पात्रपरिचय. २०१८ ते २०२० मधील ५२ भागांची नवी शी-रा. २०२१ ची 'रेव्हेलेशन' आणि तिची २०२४ मधील पुढची कडी 'रेव्होल्यूशन'. २०२१ मध्येच लहान मुलांसाठी संगणकीय चित्रांची आणखी एक स्वतंत्र मालिका आली; तिची 'रेव्हेलेशन'शी गल्लत करू नये, कारण दोन्ही एकाच मंचावर असल्यामुळे ही गल्लत सर्रास होते.

तिसरी पायरी : पुराव्याची प्रत ठरवा

वही भरली की आपण केलेले प्रत्येक विधान कशाच्या आधारावर उभे आहे, हे त्याच्यापुढे लिहिण्याची सवय लावावी. पडद्यावर किंवा पानावर प्रत्यक्ष दाखवलेली घटना हा पहिल्या प्रतीचा पुरावा होय. खोक्यावरील मजकूर आणि चित्र दुसऱ्या प्रतीत बसते, कारण खोक्यावर लिहिणारा माणूस आणि पटकथा लिहिणारा माणूस यांची भेट झालेली असेलच असे नाही. निर्मात्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलेले आणि मालिकेपूर्वी तयार केलेले अंतर्गत आराखडे तिसऱ्या प्रतीचे. फिल्मेशनच्या मालिकेसाठी मायकल हॅल्पेरिन यांनी जो आराखडा लिहिला होता, त्यात स्केलेटॉरची साथीदार इव्हिल-लिन ही मूळची पृथ्वीवरील स्त्री आहे. पण ही माहिती मालिकेत कधीच आली नाही. म्हणून 'इव्हिल-लिन पृथ्वीची आहे' असे म्हणायचे असेल तर 'आराखड्यानुसार' हा शब्द जोडलाच पाहिजे. २००२ च्या मालिकेत तिचा पिता फेसलेस वन आहे आणि तो इटर्नियाचाच आहे.

लहानपणीच्या आठवणीला या प्रतवारीत जागा नाही. हे ऐकून ज्येष्ठ मंडळी दुखावतात, हे मला ठाऊक आहे. एखादे निवृत्त अधिकारी "अहो, मी स्वतः टीव्हीवर पाहिले आहे, स्केलेटॉरने ही-मॅनच्या वडिलांना मारले होते" असे शपथेवर सांगतात, तेव्हा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने "काका, भागाचे नाव आठवते का? आपण आत्ताच लावून पाहू" एवढेच म्हणावे. ही-मॅनचे वडील, राजा रँडॉर, त्या मालिकेत शेवटपर्यंत जिवंत आहेत. काकांच्या मनात बहुधा दुसऱ्याच एखाद्या गोष्टीतला प्रसंग मिसळलेला असतो, आणि भाग लावून पाहिल्यावर ते स्वतःच हसून मान्य करतात. पाहण्याआधी त्यांना खोटे पाडायला गेल्यास मात्र चर्चा तेथेच संपते.

आपल्याकडील खेळण्यांविषयी एक विशेष सूचना. मॅटेलच्या परवान्याने ही खेळणी भारतात लिओ या नावाने निघत होती आणि त्यांतील काहींच्या रंगछटा अमेरिकी प्रतींपेक्षा वेगळ्या आहेत. त्यामुळे जगभरातले संग्राहक त्यांच्या शोधात असतात. नागपुरातील जुन्या घरांच्या माळ्यांवर अशी एखादी बाहुली अजून सापडू शकते. परंतु तिच्या चिलखताचा रंग वेगळा आहे म्हणून ते पात्र कथेतही वेगळे आहे, असा निष्कर्ष काढू नये. तो कारखान्यातील रंगाचा प्रश्न आहे.

चौथी पायरी : एकच प्रश्न धरून सराव करा

सरावासाठी स्केलेटॉरच्या जन्मकथेइतका चांगला प्रश्न नाही, कारण त्यात वर सांगितलेले सगळे प्रकार एकत्र येतात. घरी बसून तो आधी स्वतः सोडवावा.

१९८२ च्या पुस्तिकांत स्केलेटॉर हा दुसऱ्या मितीतून आलेला आहे. दोन मितींमधील भिंतीला पडलेल्या भगदाडातून तो इटर्नियात आला, आणि कासल ग्रेस्कल हा किल्ला काबीज करून ते भगदाड पुन्हा उघडावे, आपल्या जातीच्या लोकांना आत घ्यावे, हा त्याचा हेतू आहे. येथे तो माणूस नाही, कोणाचा भाऊ नाही आणि कोणाचा शिष्यही नाही. फिल्मेशनने त्याला होर्डॅक नावाच्या खलनायकाचा शिष्य केले. होर्डॅक राजघराण्यातील जुळ्या बाळांना पळवायला आला, त्यात स्केलेटॉर पकडला गेला आणि गुरूचा ठावठिकाणा सांगून मोकळा झाला, होर्डॅक अडोराला घेऊन निसटला. या फसवणुकीतून दोघांचे वैर सुरू झाले. पण होर्डॅककडे येण्यापूर्वी स्केलेटॉर कोण होता, याबद्दल ही मालिका गप्प आहे.

मूळ खेळण्यांच्या शेवटच्या टप्प्यात केल्डॉरच्या शोधाची एक पुस्तिका निघाली आणि खरा वाद तिने पेटवला. राजा रँडॉर अनेक वर्षांपूर्वी हरवलेल्या आपल्या भावाचा, केल्डॉरचा, जादूच्या साहाय्याने शोध घेऊ पाहतो. आणि हा शोध काहीही करून थांबवला पाहिजे म्हणून स्केलेटॉर कासावीस होतो. तो इतका का घाबरला, याचे उत्तर पुस्तिका देत नाही. खेळण्यांची मालिका लवकरच बंद पडली आणि पुढची पुस्तिका आलीच नाही. त्यानंतर दीड दशक चाहत्यांना दोन तट करून भांडायला या एका कासावीशीने पुरवले. एक तट म्हणे की केल्डॉर हाच स्केलेटॉर. दुसरा म्हणे की केल्डॉरला स्केलेटॉरचे काही गुपित ठाऊक होते, इतकेच. पुस्तिका हाती घेऊन नीट वाचली तर दुसऱ्या तटालाही आधार सापडतो, आणि नव्या माणसाने दोन्ही बाजू मांडून पाहाव्यात असे मी सुचवीन.

२००२ च्या मालिकेने पहिल्याच भागात हा वाद आपल्यापुरता मिटवला. निळ्या कातडीचा केल्डॉर रँडॉरवर आम्लाची कुपी फेकतो, ती उलटून त्याच्याच चेहऱ्यावर फुटते, आणि त्या जळालेल्या चेहऱ्यातून स्केलेटॉर घडतो. 'क्लासिक्स'च्या खोक्यांवरील परिचयाने त्याला रँडॉरचा सावत्र भाऊ म्हटले आणि 'रेव्होल्यूशन'नेही केल्डॉरचे राजघराण्याशी असलेले नाते कथेच्या केंद्रस्थानी आणले.

आता या सगळ्यावरून 'स्केलेटॉर हा ही-मॅनचा काका आहे' हे विधान तपासा. २००२ नंतरच्या धारेत ते टिकते. शेवटच्या पुस्तिकेच्या धारेत ते संभाव्य आहे. पहिल्या पुस्तिकांच्या धारेत ते स्पष्टपणे चुकीचे आहे, आणि फिल्मेशनच्या धारेत त्याला ना आधार आहे ना विरोध. हे चार निष्कर्ष चार ओळींत लिहिता आले, तर तुमची तयारी झाली असे समजा. 'पण खरा स्केलेटॉर कोणता?' हा प्रश्न तरीही कोणीतरी विचारतोच. माझे उत्तर असे की कथा म्हणून २००२ चा केल्डॉर सर्वांत बांधेसूद आहे, पण भावकीचे भांडण जोडल्यामुळे स्केलेटॉर लहान झाला. दुसऱ्या मितीतून आलेल्या, ज्याच्या मागे एक अख्खी जात उभी आहे अशा शत्रूची भीती त्यात उरली नाही. फिल्मेशनचा स्केलेटॉर, अ‍ॅलन ओपेनहायमर यांच्या चिरक्या आवाजातला, आपल्या साथीदारांना सतत शिव्याशाप देणारा, हा भीतीच्या हिशेबात बसत नाही. तो विनोदी पात्र म्हणून अजोड आहे. आमच्या बैठकीतील बहुसंख्य लोक याच्याशी सहमत नाहीत.

पाचवी पायरी : दोन लहान प्रश्नांवर हात साफ करा

ही-मॅनच्या बाजूची योद्धी टीला, तिची आई कोण? फिल्मेशनच्या मालिकेत कासल ग्रेस्कलची जादूगरीण सॉर्सरेस ही तिची आई आहे आणि डंकन, म्हणजे मॅन-अ‍ॅट-आर्म्स, याने तिला वाढवले आहे. डीसीच्या काळातील एका पुस्तिकेत मात्र स्केलेटॉरने देवीची प्रतिकृती घडवण्याच्या खटाटोपात टीला जन्माला येते. या विचित्र गोष्टीचेही मूळ खेळण्यात आहे. टीलाच्या बाहुलीसोबत नागाच्या फण्याचे शिरस्त्राण आणि नागाची काठी मिळत असे. ते चढवले की ती देवी आणि काढले की टीला, असे एका किमतीत दोन पात्रांचे काम होई. मग दोघींचे रूप सारखे का, हे कथेला सांगणे भागच होते.

दुसरा प्रश्न नेहमीचा : अ‍ॅडम आणि ही-मॅन एकसारखे दिसत असताना कोणाला कळत कसे नाही? खेळण्यात दोघांचे अंग एकाच साच्याचे, कार्टूनमध्ये फरक कपड्यांचा आणि कातडीच्या रंगाचा. २००२ च्या मालिकेने अ‍ॅडमला किडकिडीत पोरगा करून ही अडचण दूर केली. फिल्मेशनमध्ये गुपित ठाऊक असणारे म्हणजे सॉर्सरेस, डंकन आणि ऑर्को. आई राणी मार्लेनाला संशय असावा असे काही प्रसंग सूचित करतात आणि त्यावर एक स्वतंत्र संध्याकाळ घालवता येते. मार्लेना त्या मालिकेत पृथ्वीवरून आलेली अंतराळवीर आहे, हे विसरू नये.

सहावी पायरी : बैठकीला येताना

नागपुरात अशा गाठीभेटी बहुधा रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या निमित्ताने होतात आणि मग कोणाच्या तरी घरी लांबतात. उन्हाळ्यात मंडळी दहाच्या आत घरी परततात किंवा सरळ संध्याकाळी फुटाळा तलावावर भेटतात. जुनी कॉमिक्स बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) जुन्या पुस्तकांत अधूनमधून मिळतात. खोक्यातील मूळ पुस्तिका तेथे मिळण्याची आशा धरू नये, त्यांचे एकत्रित पुनर्मुद्रण निघालेले आहे आणि ते मागवणे सोपे.

वयाने मोठ्यांना काका, दादा किंवा ताई म्हणावे आणि मत कितीही टोकाचे असले तरी 'तुम्ही' सोडू नये. 'रेव्हेलेशन'चा विषय स्वतःहून काढू नये. तिच्या पहिल्याच भागात अ‍ॅडमचा मृत्यू होतो, टीलाला गुपित तेव्हाच कळते आणि पुढची कथा बरीचशी टीलाच्या खांद्यावर जाते. यावर मते इतकी तुटक आहेत की नवख्याने पहिल्याच दिवशी बाजू घेतली तर वर्षभर त्याला त्याच बाजूचा धरले जाते. मालिका न पाहिलेले कोणी उपस्थित असेल तर शेवट सांगण्यापूर्वी विचारावे.

खेळणे सोबत आणणार असाल तर दोन गोष्टी पाहा. जुन्या बाहुल्यांचे पाय आतून एका रबरी पट्ट्याने जोडलेले असतात. आपल्या उन्हाळ्यात, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, तो पट्टा आधी सैल आणि मग ठिसूळ होतो आणि ही-मॅन उभाच राहत नाही. अशा बाहुलीचे पाय ओढून पाहू नयेत, तुटलेला पट्टा बदलण्यासाठी ती उघडावी लागते. दुसरे म्हणजे तलवारी विसरू नयेत. ही-मॅनची आणि स्केलेटॉरची तलवार शेजारी धरली तर दोन्ही एका बाजूने सपाट आहेत असे दिसेल. त्या एकमेकींवर दाबल्या की चिकटून एक अखंड तलवार होते. पहिल्या पुस्तिकांतील कथा याच अखंड तलवारीवर उभी आहे, कारण कासल ग्रेस्कल उघडण्याची किल्ली ती आहे. फिल्मेशनने स्केलेटॉरच्या हाती ही अर्धी तलवार दिलीच नाही. चर्चेत हे शब्दांनी समजावण्यापेक्षा दोन तुकडे टेबलावर ठेवून जोडून दाखवणे केव्हाही बरे. कित्येक वर्षे कार्टून पाहिलेली माणसेही ते पहिल्यांदा पाहताना पुढे झुकतात.

सातवी पायरी : काही प्रश्न पुढे ढकला

ही-मॅन आणि सुपरमॅन यांत बलवान कोण, शी-रा ही-मॅनला हरवील काय, असले प्रश्न मुलांसाठी सोडून द्यावेत. प्रत्येक लेखकाने आपल्या सोयीचे उत्तर दिले आहे आणि वहीत लिहिण्याजोगे त्यातून काही निघत नाही. स्टिंकॉर हा 'अधिकृत' आहे की नाही, याचे उत्तर एका ओळीचे आहे : फिल्मेशनच्या ही-मॅनमध्ये तो आला नाही, २००२ मध्ये आला.

एक प्रश्न मात्र खरोखर मोठा आहे आणि म्हणूनच तो पहिल्या काही बैठकांत छेडू नये : ही-मॅन निर्माण कोणी केला? मॅटेलमधील रचनाकार मार्क टेलर यांनी आधीपासून रानटी योद्ध्यांची चित्रे काढली होती आणि खेळण्यांचे मूळ रूप त्यांचे आहे. रॉजर स्वीट यांचे म्हणणे असे की कंपनीसमोर पिळदार योद्ध्याचे तीन नमुने मांडून ही कल्पना त्यांनी पुढे नेली, म्हणून निर्माता तेच. दोघांनीही आपापली बाजू जाहीरपणे मांडली आहे. शिवाय ही-मॅन हा कोनॅन या जुन्या कथांतील रानटी योद्ध्याची नक्कल आहे असा दावा कोनॅनच्या हक्कधारकांनी न्यायालयात केला होता. त्याचा निकाल १९८९ मध्ये मॅटेलच्या बाजूने लागला. या विषयावर बोलायचे असेल तेव्हा वहीच्या मागच्या बाजूने नवे पान सुरू करावे. पात्रांच्या धारा आणि माणसांचे दावे एकाच पानावर आले की तिसऱ्या पायरीवरची प्रतवारी कोलमडते, आणि मग आराखड्यातले वाक्य पडद्यावरचे म्हणून खपवले जाते.